कॅन्टीन गेलं, कोड राहिला

दुपारचे पावणेतीन. डबे धुऊन झालेले, डोळ्यांवर पेंग, आणि पलीकडच्या टेबलावरून हाक आली, “सर, हा कोड डिलीटच होत नाहीये. तीनदा केलं!”

हाक मारणारी मुलगी आमच्या टीममध्ये येऊन सहाच महिने झाले होते. बी.कॉम., त्यावर सॅप या धंद्याच्या सॉफ्टवेअरचा कोर्स, कामाला चटपटीत. काम म्हटलं तर दोन मिनिटांचं. चाकणकडच्या एका कारखान्याने स्वतःचं कॅन्टीन बंद करून जेवणाचा ठेका बाहेर दिला होता. त्यांच्या अकाउंट्सचा मेल आला: कॅन्टीनचं कॉस्ट सेंटर आता लागत नाही, सिस्टीममधून काढून टाका.

“मेसेज काय येतोय?” मी विचारलं.

“एरर येतोय, सर.”

“अगं, ते कळलं. पण लिहिलंय काय त्यात?”

ते तिने वाचलं नव्हतं. तिला बोल लावण्यात अर्थ नाही. पंधरा वर्षं या धंद्यात काढल्यावर एवढं कळलंय, की लाल खूण दिसली की माणूस वाचणं सोडतो आणि पुन्हा तेच बटण दाबतो. फार तर मोबाइलवर स्क्रीनचा तिरका फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकतो. त्यात टेबलावरचा चहाचा कप पूर्ण येतो, मेसेज अर्धा.

मेसेज साधा होता. कॉस्ट सेंटर वापरात आहे, काढता येत नाही. त्यातला कामाचा शब्द ‘वापरात’. कॅन्टीन बंद, भांडी भंगारात, आचारी दुसऱ्या खात्यात; मग वापरतंय कोण? पुढचे दोन दिवस आम्ही तेच शोधत होतो.

कॉस्ट सेंटर म्हणजे खर्च ज्याच्या माथी मारायचा तो विभाग. गॅस सिलिंडर आला, कॅन्टीनच्या माथी. झाडूवाल्याचा पगार, ॲडमिनच्या माथी. सॅपच्या टेबलांमध्ये या रकान्याचं नाव ‘कोस्टल’ असं आहे आणि नव्या मुलांना तो मुंबईचा कोस्टल रोडच वाटतो. तो जर्मन ‘कोस्टेनश्टेले’चा आखूड केलेला शब्द आहे. १९७२ मध्ये आयबीएम सोडलेल्या पाच इंजिनिअरांनी जर्मनीतल्या वाइनहाइम गावी सॅप ही कंपनी काढली. त्यांनी टेबलांना आणि रकान्यांना घरच्या भाषेतली नावं दिली आणि ती आजवर चिकटून राहिली. पुण्यात बसून आम्ही दिवसभर मोडकंतोडकं जर्मन बोलतो, हे आमच्याही ध्यानात नसतं.

आता, एखादी ओळ पुसायला सॉफ्टवेअर नकार का देतं? या नकाराचं मूळ १९७० सालच्या एका निबंधात आहे. एडगर कॉड हे मूळचे इंग्लंडचे गणिती आयबीएमच्या सॅन होजेच्या प्रयोगशाळेत होते. माहिती तक्त्यांमध्ये ठेवायची आणि एका तक्त्याने दुसऱ्याकडे किल्लीने, म्हणजे ‘की’ने, बोट दाखवायचं, ही मांडणी त्यांनी केली. बिलाच्या ओळीत पुरवठादाराचं नाव-पत्ता पुन्हा लिहायचा नाही, फक्त त्याचा नंबर लिहायचा. सोय मोठी आहे, पण त्यातून एक जबाबदारी येते. नंबराने ज्याच्याकडे बोट दाखवलंय तो जागेवर असला पाहिजे. तो पुसला तर बिल हवेत बोट दाखवत राहील. म्हणून डेटाबेस आधी विचारतो, तुझ्याकडे कोणी बोट दाखवतंय का? दाखवत असेल तर पुसू देत नाही.

ओरॅकलच्या डेटाबेसमध्ये हा नकार ०२२९२ या क्रमांकाने येतो आणि त्यात शब्द असतात, ‘चाइल्ड रेकॉर्ड फाउंड’. मी पहिल्यांदा वाचला तेव्हा जत्रेतल्या लाउडस्पीकरची आठवण झाली: एक मूल सापडलं आहे, पालकांनी चौकीवर यावं. अर्थही फार वेगळा नाही. ज्याला तुम्ही काढायला निघालात तो बाप आहे आणि त्याचं मूल कुठल्या तरी टेबलात बसलेलं आहे.

सॅपची गोष्ट थोडी निराळी, आणि बरीचशी डोकेदुखी तिथूनच सुरू होते. कोण कोणाकडे बोट दाखवतं याचे नियम तिथे मुख्यतः डेटाबेसमध्ये नसतात, सॅपच्या स्वतःच्या डिक्शनरीत असतात. नवी नोंद करताना, स्क्रीनवर कोड टाकताना ते तपासले जातात. कोड नसेल तर ‘अमुक टेबलात ही एंट्री नाही’ असं सिस्टीम बजावते. पण पुसताना? काही ठिकाणी कडक तपासणी आहे, काही ठिकाणी मुळीच नाही. कॉस्ट सेंटर कडक गटातलं. तिथे सिस्टीम दारात आडवी पडते. काही सेटिंग्ज मात्र हूं की चूं न करता पुसल्या जातात. त्या गटातला माझा एक पराक्रम पुढे येईलच.

आधी कॅन्टीन. मी मुलीला म्हटलं, डिलीट दाबू नकोस, कॉस्ट सेंटर धरून कोण बसलंय याची यादी कर. काही नावं सिस्टीमने दिली, काही आम्ही टेबलं उघडून शोधली. इथे नवे लोक हमखास एक चूक करतात, तिनेही केली. एसई११ या टी-कोडमध्ये, म्हणजे तो कोड टाकून उघडणाऱ्या स्क्रीनवर, ‘व्हेअर यूज्ड’ नावाचं बटण आहे. तिने ते दाबलं आणि मोठीच्या मोठी यादी आली. पण ते बटण सांगतं, की कॉस्ट सेंटर नावाचा रकाना कुठल्या टेबलात आणि प्रोग्रॅममध्ये आहे. ‘आपल्या कॅन्टीनचा’ कोड कुठे पडलाय हे ते सांगत नाही. शहरात कुठल्या घरांना दार आहे ही एक यादी; आपल्या किल्लीने उघडणारी दारं कुठली ही दुसरी. दुसरी यादी हाताने करावी लागते: एसई१६एन मध्ये एकेक टेबल उघडायचं, कॉस्ट सेंटरच्या रकान्यात कोड टाकायचा आणि किती ओळी येतात ते बघायचं.

खरेदी ऑर्डरींच्या टेबलात पहिला सापडला. गॅस सिलिंडरची वर्षभराची ऑर्डर, तीन सिलिंडर यायचे राहिलेले, ऑर्डर उघडीच. माणसांच्या टेबलात दोन कर्मचारी निघाले. प्रत्यक्षात ते स्टोअर्समध्ये कामाला लागले होते, पण एचआरने बदली कागदावर केली, सिस्टीममध्ये नाही. महिनाअखेरीला ॲडमिनचा खर्च सगळ्या विभागांवर वाटणारी एक सायकल होती, तिच्या वाटेकऱ्यांत कॅन्टीनचं नाव अजून होतं. म्हणजे बंद कॅन्टीनला दर महिन्याला विजेच्या बिलाचा वाटा लागत होता आणि सहा महिने कोणाला पत्ता नव्हता.

शेवटचा सापडला मालमत्तांच्या टेबलात: पाण्याचा कूलर. मी कारखान्यात फोन लावला. अकाउंट्सचे एक जुने गृहस्थ हसले. म्हणाले, “साहेब, तो कूलर ॲडमिनच्या जिन्याखाली आहे. पाणी मस्त गार येतं.” कूलर जिन्याखाली गेला, त्याची नोंद कॅन्टीनमध्येच. त्यामुळे दर महिन्याच्या घसाऱ्याची नोंद इमानेइतबारे कॅन्टीनच्या नावावर पडत होती.

या घटकेला मुलीने तो प्रश्न विचारला जो सगळे विचारतात. “सर, हे सगळं मोकळं केलं की मग डिलीट होईल ना?”

नाही होणार. कारण या सगळ्याच्या खाली मागच्या वर्षांचा खर्च आहे. तेल, डाळ, पगार, सिलिंडर, हजारो नोंदींवर त्या कॉस्ट सेंटरचा शिक्का आहे. आज कूलर हलवता येतो. तीन वर्षांपूर्वीची डाळ दुसऱ्या कोणाच्या माथी मारता येत नाही. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १२८ प्रमाणे हिशोबाची पुस्तकं आठ आर्थिक वर्षं सांभाळावी लागतात. शिवाय १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाचा माग राहिलाच पाहिजे आणि तो बंद करता येता कामा नये, असा नियम आहे. टॅलीवर बसणाऱ्या कोणालाही याची झलक ठाऊक आहे. ज्या लेजरवर एकही व्हाउचर पडलंय त्याच्यावर ऑल्ट-डी चालत नाही.

महाराष्ट्रातल्या माणसाला खरं तर हे समजावून सांगायला नको. आपल्या सातबाऱ्यावर आजोबांचं नाव खोडरबराने पुसत नाहीत. त्याला कंस करतात आणि शेजारी फेरफाराचा नंबर येतो. तो फेरफार कशामुळे झाला, वारसाने की खरेदीखताने, हे गाव नमुना ६ मध्ये बघायचं. कंसातल्या नावाला आज त्या जमिनीवर हक्क नाही, पण नाव कागदावर आहे, कारण आजच्या मालकाचा हक्क त्याच्यावरूनच वाहत आलाय. धंद्याची सॉफ्टवेअरं बनवणारे जगभर याच कंसाकडे येऊन पोचले. सॅपमध्ये मालाच्या मास्टरवर एक खूण असते, ‘एलव्हीओआरएम’. जर्मन शब्दाचा अर्थ, पुसायच्या यादीत घालून ठेवलेलं. खूण केली म्हणून माल पुसला जात नाही. वापरायला गेलं तर इशारा येतो. ओरॅकलच्या ई-बिझनेस सूटमध्ये युजर पुसता येत नाही, त्याला शेवटची तारीख घालतात. ओडू या सॉफ्टवेअरमध्ये अडकलेली नोंद काढायला गेलात तर नकाराच्या मेसेजमध्येच सल्ला असतो, की जमलं तर अर्काइव्ह करा.

खरोखरच पुसायचं असेल तर सॅपमध्ये त्याचाही रस्ता आहे. तो रीतसर अर्काइव्हिंगचा: आधी लेकरं, मग बाप. मालाचं मास्टर हलवायचं तर त्याच्या खरेदी ऑर्डरी, उत्पादनाच्या ऑर्डरी वगैरे आधी अर्काइव्ह व्हाव्या लागतात. कोणाच्या आधी कोण, याचा नकाशाच ‘सारा’ नावाच्या टी-कोडमध्ये काढून दिलेला आहे. हे काम महिन्यांचं असतं आणि कंपन्या ते जागा वाचवायला करतात, एखादा कोड डोळ्यांना खुपतो म्हणून नाही.

अख्खा कंपनी कोड, म्हणजे सॅपमधली स्वतंत्र हिशोबाची कंपनीच, चुकून तयार झाला असेल तर? हेही होतं. कंपनी कोड बहुधा कोऱ्यातून बनवत नाहीत, असलेल्याची नक्कल करतात, आणि नकलेबरोबर कितीतरी टेबलांत ओळी पडतात. म्हणून तो काढायचा तर एका टेबलातून ओळ पुसून भागत नाही. ज्या ईसी०१ ने नक्कल केली, त्याच्यातच पुसायचीही सोय आहे. त्यावर चाचणीच्या नोंदी पडल्या असतील तर ओबीआर१ ने त्या आधी साफ करता येतात. पण कंपनी कोडवर ‘प्रॉडक्टिव्ह’ ही खूण लागली असेल तर ओबीआर१ हात वर करतं. म्हणून धंदा सुरू व्हायच्या दिवशी ती खूण लावायची असते, आणि ज्यांनी लावलेली नाही त्यांनी हा परिच्छेद संपल्यावर ती लावून यावी.

काही नकारांचा मात्र वापराशी संबंध नसतो आणि तिथे उगाच लोक टेबलं धुंडाळत बसतात. दुसऱ्या कोणीतरी तीच नोंद उघडून ठेवलीय आणि चहाला गेलाय. एसएम१२ मध्ये त्याचं नाव दिसतं, त्याला हाक मारा. तुम्हाला अधिकारच नाही. नकार मिळाल्या मिळाल्या एसयू५३ चालवा, कुठला अधिकार कमी पडला ते कळतं. मध्ये दुसरं काही करून मग चालवलंत तर भलतंच दिसेल. क्लायंट, म्हणजे सिस्टीममधला तुमचा कप्पा, बदलासाठी बंद आहे. प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे रोजचं काम चालतं त्या सिस्टीममध्ये, तो बंदच असायला हवा, त्यावर तक्रार करू नका. नंबर रेंजचा पट्टा निघत नाही, तर त्यातला चालू नंबर शून्यावर नसतो, म्हणजे त्यातून नंबर वाटले गेलेत. अशा वेळी नंबर शून्यावर आणून पट्टा उडवणारे महाभाग मी पाहिलेत. वाटलेले नंबर परत येत नाहीत, ते बिलांवर छापून गेलेले असतात.

आता माझा पराक्रम. दहाएक वर्षांपूर्वीची गोष्ट. एका कंपनीच्या सिस्टीममध्ये पेमेंटच्या अटी उदंड झाल्या होत्या: तीस दिवस, एक महिना, ३० दिवस नेट, सगळं एकच. मी साफसफाईला बसलो. पंचेचाळीस दिवसांच्या दोन अटी होत्या, त्यातली एक डेव्हलपमेंटमध्ये, म्हणजे बदल आधी जिथे करतात त्या सिस्टीममध्ये, निवडली आणि पुसली. सिस्टीमने हरकत घेतली नाही. मीही खूश, हरकत नाही म्हणजे कोणी वापरत नाही! बदल पुढच्या सिस्टीममध्ये नेणारी ट्रान्सपोर्ट रिक्वेस्ट केली, टेस्टिंगमध्ये गेली, तिथेही कोणी ओरडलं नाही, प्रॉडक्शनमध्ये गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बिल पासिंगवाल्यांचा फोन. पुरवठादारांची बिलं नोंदवली जात नव्हती, कारण उघड्या खरेदी ऑर्डरींवर तीच अट होती आणि सिस्टीम म्हणत होती, अशी अटच नाही. पेमेंटच्या अटी त्या दुसऱ्या गटातल्या, जिथे पुसताना कोणी विचारत नाही. वापरणारे होते, शेकड्याने होते. फक्त त्यांना विचारायची सोय त्या स्क्रीनला नव्हती. टेस्टिंगमध्ये कोणी ओरडलं नाही, कारण तिथला डेटा जुना होता. तेवढ्या दुपारपुरता मी त्या कंपनीतला सर्वांत नावडता माणूस होतो. उपाय सोपा निघाला: तोच कोड, तेच दिवस, तीच गणना, पुन्हा तयार करून पाठवला. बिलं सुरू झाली. मग त्या अटीच्या वर्णनाआधी ‘वापरू नये’ असं लिहिलं आणि ती तशीच राहू दिली. मोठ्या सिस्टीमांमध्ये ‘डू नॉट यूज’ लिहिलेल्या अशा ओळी तुम्हाला दिसतील. प्रत्येकीच्या मागे अशीच एखादी सकाळ असावी असा माझा संशय आहे.

या ट्रान्सपोर्टबद्दल एक बारकावा सांगायलाच हवा, कारण तो अनुभवी माणसांनाही चकवतो. टेबलातल्या नोंदीसाठी रिक्वेस्टमध्ये ओळ भरली जात नाही, ओळीची फक्त की नोंदवली जाते. रिक्वेस्ट रिलीज करताना सिस्टीम त्या कीखाली त्या क्षणी जे असेल ते उचलते. काहीच नसेल, तर पुढच्या सिस्टीममध्ये पोचल्यावर ती ओळ तिथूनही पुसली जाते. पुसण्याचा निरोप असा रिकाम्या हातांनी जातो. म्हणजे सोमवारी तुम्ही एक सेटिंग बदललीत, तिची की रिक्वेस्टमध्ये गेली. बुधवारी सहकाऱ्याने डेव्हलपमेंटमधून ती ओळच उडवली. शुक्रवारी तुम्ही आपली रिक्वेस्ट रिलीज केलीत. तुमच्या मते तुम्ही बदल पाठवलात, प्रत्यक्षात पाठवलंत पुसणं. रिक्वेस्टवर नाव तुमचं. आणि की म्हणून नुसता तारांकित ‘सगळं’ असा शिक्का टाकलात तर पुढच्या सिस्टीममध्ये जे जे आहे आणि तुमच्याकडे नाही, ते ते जातं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. ज्या डिलीटला एरर येतो त्याला मी भीत नाही; तिथे कोणीतरी पहाऱ्यावर आहे. जे डिलीट एका झटक्यात होतं, त्याच्यानंतर मी चहा घेत नाही. आधी टेबलं बघून येतो.

कॅन्टीनचं असं झालं. सिलिंडरची ऑर्डर खरेदी विभागाने बंद केली. दोन्ही कर्मचारी एचआरने सिस्टीममध्येही स्टोअर्सला नेले. वाटपाच्या सायकलमधून नाव काढलं, कूलर ॲडमिनच्या कॉस्ट सेंटरवर टाकला. कॅन्टीनवर नवा खर्च पडू नये म्हणून कुलपाची खूण केली आणि मुदत ३१ मार्चला संपवली. मुलीने अकाउंट्सना उत्तर लिहिलं, की कोड डिलीट केलेला नाही, बंद केला आहे, जुने रिपोर्ट जसेच्या तसे निघतील. त्यांचं उलट उत्तर आलं: “ओके. धन्यवाद. कूलरचं कसं कळलं?”

आणि वाचकहो, फोटो काढून पाठवणारच असाल तर आधी खालच्या पट्टीतल्या मेसेजवर डबल-क्लिक करा. एक खिडकी उघडते, त्यात मेसेजचा क्रमांक असतो. फोटो तिचा काढा, कपाचा नको.